ब्रेकमधली हवा

“मारा काका, मारा! आता धरा. सोडू नका!”

ट्रकखालून रत्नदीप मिस्त्री ओरडला. वर केबिनमध्ये बसलेल्या भगवानअप्पांनी ब्रेकचं पेडल दाबून धरलं. चाकापाशी उकिडवी बसलेली त्यांची मुलगी प्रीती हातातल्या बाटलीकडे टक लावून बघत होती. नळीतून ब्रेक ऑइलची धार उतरली. स्वच्छ, एकही बुडबुडा नाही.

रत्नदीप पाठीवर सरकत बाहेर आला. “बघ ताई. ब्रेकच्या नळीत हवा असती तर बुडबुडे दिसले नसते का? सकाळी काका यायच्या आधी मी स्वतः पेडल मारून बघितलं. दगड होता दगड.”

“मग मला पोकळ का लागतंय?” अप्पा वरून कडाडले. “पाय नुसता खाली जातो. दाबलं किती, धरलं किती, काही कळतच नाही. पुन्हा बघ.”

“किती वेळा बघू काका? ड्रम उघडले, लायनिंग नवीन, मास्टर सिलिंडर नवीन. आता माझंच डोकं उघडून बघायचं राहिलंय.”

शहाडला रत्नदीपच्या गॅरेजसमोर तो लांब नाकाचा ट्रक सकाळपासून एप्रिलच्या उन्हात उभा होता, मधूनमधून इंजिन चालू करून बघणं चाललेलं. निळा रंग ताजा, कपाळावर पांढऱ्या अक्षरांत ‘जय भीम’. उद्या जयंती. मिरवणुकीत बाबासाहेबांची प्रतिमा याच ट्रकवर निघायची होती, पण सकाळच्या ट्रायलला अप्पांनी ब्रेक मारला आणि ट्रक थांबला तो वाळूच्या ढिगात नाक खुपसूनच. परतताना असा गचका बसला की प्रीतीचं कपाळ काचेवर आपटलं. मिरवणुकीत ट्रकवर वस्तीतली पोरं बसणार, पूल उतरायचा. कमिटीने सांगून टाकलं होतं, संध्याकाळपर्यंत ब्रेक नीट झाला नाही तर टेम्पो ठरवू. त्यांना तरी कुठल्या तोंडाने नावं ठेवणार?

अप्पांना मात्र ते झोंबलं होतं. “टेम्पो? अरे, मी काय मेलो काय?”

टिटवाळ्याच्या भट्टीवरून वर्षभर विटा वाहणारा हा ट्रक. जयंतीच्या आदल्या दिवशी प्रीतीची आई रंभा पदर खोचून तो घासायला काढायची. विटांचं लाल पाणी पार गटारापर्यंत वाहत जायचं. दुसऱ्या दिवशी निळे झेंडे, मागे पोरांचा कालवा, आणि अप्पांच्या शेजारी, खिडकीशी, वेण्या घातलेली प्रीती. तिला वाटायचं, सगळं कल्याण आपल्याच अप्पांना बघायला रस्त्यावर आलंय.

केबिनमध्ये चप्पल चालायची नाही. कुणाचीच नाही. “जी गाडी पोटाला घालते तिच्या अंगावर चप्पल ठेवायची?” अप्पा म्हणायचे. “आणि ब्रेक बुटाला नाही कळत. तळव्याला कळतो. रस्ता ओला की सुका, माल किती, सगळं तळवा सांगतो.” प्रीतीलाही त्यांनी असंच अनवाणी शिकवलं. आता ती डोंबिवलीत शाळेची बस चालवायची. बूट घालून चालवते हे तिने अप्पांना कधी सांगितलं नव्हतं.

भट्टी बंद पडली, आई गेली, ट्रक गंजत पडला. प्रीतीने आपले सगळे रविवार घालून तो पुन्हा उभा केला होता. जुन्यासारखा सगळा. फक्त पेडलचं रबर तेवढं कुठे मिळालं नव्हतं. तिथे नुसतं लोखंड होतं, आणि खालून सायलेन्सरचा पाइप गेलेला.

“सरका अप्पा,” ती म्हणाली. “मी बघते.”

तिने बूट काढून पायरीवर ठेवले. अप्पा कुरकुरत क्लीनरच्या बाजूला सरकले. प्रीती बसली, तिने पेडलवर पाय टेकवला.

“आई गं!”

“काय झालं?”

“तवा झालाय नुसता! केवढं तापलंय!”

“तापलंय?” अप्पांनी विचारलं.

त्यांनी खरंच विचारलं होतं. प्रीती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने वाकून त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला. तळव्यावर बोटांच्या खाली टपोरा फोड आला होता. एका कडेला फुटलाही होता.

तिने फोडाच्या कडेला हलकेच बोट लावलं.

“अप्पा, दुखत नाही?”

ते आपल्याच पायाकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसे बघत होते. “शुगरच्या डॉक्टरने सुई टोचून विचारलेलं, लागतंय का म्हणून.” ते थांबले. “मी लागतंय म्हणून सांगितलेलं.”

खाली पाना पुसणारा रत्नदीप तोंड फिरवून उभा राहिला.

अप्पांनी वाकून पेडलवर हाताचा तळवा ठेवला. हात चटकन मागे आला. ते थोडा वेळ आपला हात चोळत बसले.

“रत्ना,” शेवटी त्यांनी हाक मारली. “ब्रेक बरोबर आहे रे. तुझी उगाच हमाली झाली.”

“मग कमिटीला काय सांगू काका?”

“सांग, ट्रक येतोय. प्रीती आणतेय.”

प्रीतीने इंजिन चालू केलं आणि अनवाणी पाय पुन्हा पेडलकडे नेला.

“थांब.” अप्पांनी तिच्या पलीकडे हात घालून पायरीवरचे बूट उचलले, झटकले आणि तिच्या पायाशी, केबिनमध्ये ठेवले. “घाल.”

“अप्पा, केबिनमध्ये?”

“घाल म्हणतो ना. पाय भाजेल.”