कनेरगाव नाक्यावरचं खेळायचं मशीन

माझी नात प्रतिक्षा न बांधलेल्या घरांची चित्रं काढते. वीट नाही, सिमेंट नाही, मालकाकडं धड जागा तरी आहे का कोण जाणे, पण कंप्युटरवर घर उभं राहतं, दारं उघडतात, आतून हिंडून येता येतं. नांदेडच्या एका बांधकामवाल्यानं तिला सांगितलं होतं की पंधरा तारखेपर्यंत पाच घरं करून दे, जमली तर कायमचं काम तुझं. घरी बसून, बाळापुरातून. नाही जमली तर त्याच्याकडं दुसऱ्या पोरी होत्याच.

तिच्याजवळ कॉलेजातला लॅपटॉप होता. त्याच्यावर एक चित्र पक्कं व्हायला रात्र जायची आणि सकाळी बघावं तर पडदा काळा. पाच तारीख आली, पाचातलं एकही घर झालं नव्हतं. पोरगी ताटावर बसायची आणि भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवायची.

तिला पाहिजे होतं खेळायचं मशीन. कामाला खेळायचं मशीन, हे मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. ती म्हणाली, "आज्जी, गेमला जे ताकदीचं कार्ड लागतं, तेच घर उभं करायला लागतं." नव्याची किंमत ऐकून तिचा बाप, म्हणजे माझा पोरगा वैजनाथ, खाटेवर बसला. तो कशानंही बसतो. मग जुन्याचा शोध सुरू झाला आणि मोबाईलवर कनेरगाव नाक्याच्या एका धाबेवाल्याची जाहिरात निघाली. पंचेचाळीस हजार.

पैसे माझ्या हळदीच्या पिकाचे जाणार होते, म्हणून मी निघाले. वैजनाथ म्हणाला, "माय, तुला त्यातलं काय कळतं?"

मी म्हणाले, "तुला बैलातलं कळत होतं म्हणून तू दोन आणले होतेस. एक बसला की उठत नव्हता आणि दुसरा उठला की थांबत नव्हता."

माझी शाळा दुसरीपर्यंत. अक्षरं अडखळत वाचते, आकड्यांत मात्र मला कोणी फसवून दाखवावं. आमचे मालक जिवंत होते तेव्हापासून बाजारात जनावर मीच पारखलं. त्यांना भाव करायची लाज वाटायची. लाजऱ्या माणसाला बाजारात लोक फार मान देतात आणि लंगडं जनावर देतात.

आइतवारी सकाळी आम्ही तिघं गावातली जीप करून निघालो. नाक्यावर पोचायला अकरा वाजले. धाब्याच्या मागंच हिरासिंगाचं घर. माणूस पन्नाशीचा, मिशीला तेल, बोटात तीन अंगठ्या. खोलीत कूलर लावून ठेवला होता आणि टेबलावर ते मशीन, काचेच्या पेटीत. पेटीत लाल, हिरवे, निळे दिवे फिरून राहिले होते, मंडपात लावतात तसे.

"हे दिवे कशाला?" मी विचारलं.

"शान असते, मावशी."

"म्हणजे कामाचे न्हाईत."

त्यानं मला खुर्ची दिली. खुर्चीत माझे पाय लोंबतात, म्हणून मी खाली भिंतीला टेकून बसले. त्याला ते अपमानासारखं वाटलं असावं. त्यानं लगेच पोहे, चहा, लस्सी मागवली. मी पाण्याला सुद्धा हात लावला नाही. सौदा व्हायच्या आधी विकणाऱ्याच्या घरचं खाल्लं की जीभ जड होते, मग माणूस कमी भाव सांगताना अडखळतो. हे वैजनाथला मी पन्नास वेळा सांगितलंय. त्यानं पोह्यांची दुसरी बशी घेतली.

हिरासिंग सांगू लागला, "साल भी नहीं हुआ, मावशी. कोणी हात लावला न्हाई याला."

"मग तुमचं पोरगं काय डोळ्यानं खेळत होतं?"

पोरगं टेबलाजवळ उभं होतं. किसनसिंग नाव, पंचविशीचा आडमाप गडी. तोंड असं की घासात खडा लागलाय. हिरासिंगाला त्याला धाब्याच्या गल्ल्यावर बसवायचं होतं आणि हे मशीन घरात असेपर्यंत तो बसणार नव्हता, म्हणून बाप ते विकून राहिला होता. एवढं त्यानं स्वतःच सांगितलं, पोराच्या देखत. ऐकून मला दोघांचीही किंमत कळली.

तेवढ्यात किसनसिंग म्हणाला, "नका घेऊ, आजी. लई गरम होतं. अर्ध्या तासात बंद पडतं."

"चूप बैस," बाप म्हणाला.

"खरं सांगून राहिलो. तीनदा दुरुस्त केलं."

"एकदा बी न्हाई केलं, मावशी. नवं हाय."

बापाचं ऐकावं तर सोनं, पोराचं ऐकावं तर भंगार. वैजनाथ माझ्याकडं वाकून म्हणाला, "माय, मला तर दोघांचंही पटतंय." त्याला कोणाचं पटत नाही ते एकदा मला बघायचंय.

मी बिल मागितलं. हिरासिंग म्हणाला, सापडत नाही. मी म्हणाले, सापडेपर्यंत आम्ही बसतो, आम्हाला घाई नाही. गल्ल्याच्या पेटीतून ते दहा मिनिटांत निघालं. मी अक्षरांच्या वाटेला गेले नाही, तारीख बघितली. तीन वर्षं जुनं.

"हिरासिंग, तुमचं साल लई लांबीचं दिसतंय," मी म्हणाले.

तो हसला. अशा माणसांना लाज वाटली की हसू येतं.

प्रतिक्षानं पेटीची काच उघडून आत बघितलं. ती म्हणाली की कार्ड जाहिरातीत लिहिलेलंच आहे, बदललेलं नाही. पण चालतं कसं ते नुसतं बघून कळणार नव्हतं. किसनसिंगानं एक खेळ लावून दाखवला. बंदुका, धूर, पळापळ. पाच मिनिटं झाली आणि हिरासिंग म्हणाला, "बघा, मख्खन."

बाजारात मोकळा बैल सगळेच फिरवून दाखवतात. आम्ही बैल घेताना भरल्या गाडीला जुंपतो, चाकं दोरीनं आवळतो आणि चढावर हाणतो. तेव्हा कळतं की खांदा आहे का नुसती कातडी चमकतेय. मी प्रतिक्षाला विचारलं, "याची भरली गाडी कोणती?"

ती म्हणाली, "माझं तीन मजल्याचं घर. लॅपटॉपवर चार वेळा मेलं ते."

"मग लाव."

तिनं घर साठवून आणलेली डबी जोडली आणि बरंच काहीबाही मशीनमध्ये भरलं. मी हिरासिंगाला कूलर बंद करायला लावला.

"गरमी होईल, मावशी."

"आमच्या घरी बी होते. जिथं राहायचं तिथल्या हवेत चालून दाखवू दे."

घर सुरू झालं. पडद्यावर आधी करडे ठिपके, मग हळूहळू भिंती. वरचा पंखा गरम वारा ढकलत होता. मशीन घोंघावू लागलं. हिरासिंगाच्या मिशीचं तेल ओघळलं. तासाभरानं पहिला मजला लखलखीत झाला, दुसऱ्याच्या खिडक्या दिसू लागल्या आणि पडदा फटकन काळा झाला. दिवे गेले. घोंघावणं थांबलं.

"बघा," किसनसिंग म्हणाला. "सांगितलं होतं ना."

प्रतिक्षाचा चेहरा उतरला. वैजनाथ म्हणाला, "चला, वेळ वाचला." हिरासिंग वीज गेली, वीज गेली म्हणू लागला, पण वरचा पंखा फिरतच होता.

सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते. मी जमिनीवर बसलेली. टेबलाखाली विजेचा बोर्ड होता, त्यावर लाल बत्ती. किसनसिंगाच्या उजव्या पायाचा अंगठा त्या बटणावर अलगद टेकलेला मी बघितला. बत्ती गेली, मग मशीन गेलं. मग अंगठ्यानं पुन्हा बटण दाबलं, बत्ती आली आणि पाय चपलेत परत गेला. एवढा मोठा गडी आणि कारागिरी पायाच्या अंगठ्याची.

बाजारात मी शेपटीखाली खिळा टोचणारे बघितलेत, म्हातारा बैल तरतरीत दिसावा म्हणून. चांगला बैल मरतुकडा दिसावा म्हणून टोचणारा पहिल्यांदाच बघितला. मोडक्या वस्तूसाठी कोणी एवढा खटाटोप करत नाही. ते खरंच अर्ध्या तासात बंद पडत असतं तर हा गडी हात बांधून उभा राहिला असता आणि वाट बघितली असती.

मी म्हणाले, "पोरी, पुन्हा लाव. आणि किसनसिंग, तू ये बाबा. माझ्यापाशी बैस, मांडी घालून."

"मी इथं बरा हाय, आजी."

"तू बरा असशील. तुझे पाय बरे न्हाईत."

त्याचा चेहरा पार कानापर्यंत लाल झाला. येऊन बसला. मी त्याच्या मांडीवर हात ठेवला, हिरासिंगाला वाटलं माया करून राहिले.

दुसऱ्यांदा मशीन थांबलं नाही. दुपारचे अडीच वाजले, धाब्यावरची गर्दी ओसरली, वैजनाथ बसल्या जागी पेंगला. घर तिन्ही मजल्यांनी उभं राहिलं, गच्चीवर कुंड्यासुद्धा आल्या. प्रतिक्षानं ओढणीच्या टोकानं पडद्यावरची धूळ पुसली. पडद्यावर धूळ नव्हती.

हिरासिंग धाब्यावर कोणी हाक मारली म्हणून बाहेर गेला, तशी मी पोराला म्हणाले, "आता याची खरी खोड सांग. न्हाई तर अंगठ्याचं तुझ्या बापाला सांगते."

तो बोलू लागला, आणि बोलू लागला तेव्हा त्याच्यासारखा शहाणा त्या घरात दुसरा नव्हता, एवढं मी मान्य करते. मागचा पंखा घासतो, वर्षभरात बदलावा लागेल. मेमरीची एक खाच मेलेली आहे, वाढवायची झाली तर उरलेल्या खाचेतच वाढवा. मे महिन्यात बाजूची काच काढून चालवा. कार्ड मात्र चांगलं आहे, त्याला कधी त्रास दिला नाही. प्रतिक्षानं सगळं वहीत लिहून घेतलं.

हिरासिंग आला. मी म्हणाले, "तीस हजार."

"मावशी, दोन घंटे चाललं तुमच्यासमोर."

"एकदा बंद बी पडलं माझ्यासमोर. मागचा पंखा घासतो. मेमरीची खाच मेलेली हाय. बिल तीन वर्षांचं. कूलर काहून लावला होता ते बी मला कळतं."

त्यानं पोराकडं बघितलं. पोरगं जमिनीकडं बघत होतं. बंद कशानं पडलं हे त्याला तोंडानं सांगता येत नव्हतं. बेचाळीस, चाळीस, अडतीस करत हिरासिंग खाली आला. मधे वैजनाथ जागा होऊन म्हणाला, "माय, पोहे खाल्लेत त्यांचे." मी त्याला पुन्हा झोपायला सांगितलं. छत्तीसवर सौदा ठरला.

वायरी किसनसिंगानंच सोडल्या. प्रतिक्षा म्हणाली, तुझं आतलं काही ठेवायचं असेल तर काढून घे. मग ते दोघं तासभर त्याचे खेळ एका डबीत भरत बसले आणि मी उन्हात जीपवाल्याची कटकट ऐकत बसले. माझ्या घरात एवढं मऊ काळीज कोणाकडून आलं मला माहीत आहे, आणि तो माणूस भाव करायला लाजायचा.

हिंगोली मागं पडल्यावर ती म्हणाली, "आज्जी, मी बी बघितलं होतं. बोर्डची बत्ती गेली ते."

"मग?"

"तुला ठाऊक होतं की मशीनचा दोष न्हाई. मग त्याचे पैसे काहून कापले?"

"बिल तीन वर्षांचं निघालं, तवा त्यानं आपणहून कापले का?"

"त्यानं खोटं केलं म्हणून आपण बी?"

"मी एक शब्द खोटा बोलले न्हाई. बंद पडलं म्हणाले, ते पडलंच होतं."

ती कळमनुरीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मला त्याचं वाईट वाटलं असं कोणाला वाटत असेल तर वाटू द्या. मांडीवर ती पेटी मात्र तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, नऊ हजार कमी दिले म्हणून सोडली नव्हती.

चौदा तारखेला पाचवं घर नांदेडला गेलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, काम तुमचं. वैजनाथनं गल्लीत पेढे वाटले, जसं काही त्यानंच भिंती लिंपल्या. प्रतिक्षानं मला मशीनसमोर बसवून ते पाचवं घर आतून फिरवून दाखवलं. दारातून शिरलं की बैठक, बैठकीतून एका पावलात स्वैपाकघर, भिंत म्हणून नाही. भाजीला फोडणी दिली तर ठसका पाहुण्याला आधी लागायचा. पाटा-वरवंट्याला जागा नाही, धान्याच्या कोठीला जागा नाही. न्हाणीघरं मात्र चार.

मी म्हणाले, "असल्या घरात कोण राहील?"

"लोक असंच मागतात, आज्जी."

"आणि त्याचे पैसे बी देतात?"

"देतात."

"मग काढ," मी म्हणाले. "पण सहाव्याला भिंत घाल."