राहिलेली साक्ष

कारकुनाने टाचणी काढून जबाबाची प्रत बाईंपुढे सरकवली आणि खुर्ची ओढून समोर बसला. पुकारा होण्याआधी साक्षीदाराला त्याचा जबाब वाचायला द्यायचा, हे काम सरकारी वकिलांच्या कार्यालयात त्याच्याकडे होतं. साहेबांना वेळ नसायचा. तसा तो कुठल्याच साहेबांना कधी नव्हता.

बाईंनी कागदाला हातही लावला नाही.

"पाठ झालाय मला," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाला जिन्यात भोसकलं, मी दार उघडलं आणि पळणाऱ्याचा चेहरा बघितला. असंच लिहिलंय ना?"

"हो, ताई."

"चेहरा कुठला हो! जिन्यात दिवाच नव्हता. पाठ बघितली मी, तीही धावती. पोलिसांनी त्या पोराला समोर उभं केलं, म्हणाले हाच तो. मी रडत होते. मान हलवली. कुणीतरी हवाच होता मला तेव्हा."

"मला माहीत आहे. पहिल्या तारखेलाच सांगितलंत तुम्ही." त्याने दाराकडे बघून आवाज उतरवला. "आणि मी काय म्हणालो होतो?"

"पिंजऱ्यात उभ्या राहाल तेव्हा सांगा. तोवर कुणाकडे ब्र काढू नका."

"बास. आज तेवढंच करायचं."

त्याने अंग काढून घेतलं होतं, असं मुळीच नाही. साहेबांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी या बाईंना साक्षीला बोलावलंच नसतं; पढवून ठेवलेले दुसरे दोघे साक्षीदार तयारच होते. बाई शपथेवर बोलल्या, न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं, तरच पोरगा सुटणार. उभ्या नोकरीत त्याने साहेबांपासून एवढी एकच गोष्ट लपवली होती, आणि खरं सांगायचं तर त्याला तिचा अभिमान होता. पण कोर्टाचं घोडं कुठेतरी पेंड खाणारच. कधी न्यायाधीश रजेवर, कधी वकिलांचा संप, तर मागच्या खेपेला आरोपीला आणायला पोलिसांची गाडीच नव्हती. दर वेळी पुढची तारीख बाईंना यानेच सांगितली. कार्यालयात त्याला 'तारीखवाले' म्हणत ते काही उगीच नाही.

आज मात्र न्यायाधीश, वकील, सगळे आले होते; फक्त तुरुंगाची गाडी यायची होती. बाहेर बाकड्यावर आरोपीची आईही आली होती. तिच्या मुलाला जामीन मिळाला नव्हता, त्यामुळे गाडीतून उतरून तो कोर्टात शिरेपर्यंत जेवढा दिसेल तेवढा बघायला ती दर तारखेला यायची.

शिपाई आत आला आणि दारातच घुटमळला.

"तारीखवाले, तुरुंगातून निरोप आलाय. तो पोरगा गेला."

"कुठे गेला?"

"अहो, गेला. पहाटे. कावीळ झाली होती म्हणे, कुणी लक्षच दिलं नाही. साहेबांनी आत्ताच बाहेर त्याच्या आईला सांगितलं."

बाहेरून रडण्याचा आवाज येत नव्हता. तेवढ्यात साहेबच डोकावले.

"बाईंना घरी सोडा. आरोपी मयत, खटला संपला. चला, तेवढीच एक फाईल कमी झाली!"

त्यांचे बूट वाजत लांब गेले.

"संपला म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे आता साक्ष होत नाही, ताई."

"मग मी सांगायचं कुणाला?"

त्याने जबाबाच्या प्रतीला टाचणी परत लावली. बाई उठल्या आणि बाहेर गेल्या. तोही दारापर्यंत गेला. बाकड्यावर आई बसली होती, हातात पाण्याचा भरलेला ग्लास तसाच. बाई तिच्याशेजारी बसल्या. इतक्या तारखांत त्या दोघी कधी एका बाकड्यावर बसल्या नव्हत्या.

"मी त्या दिवशी तुमच्या मुलाला बघितलंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "खोटं होतं ते. आज कोर्टात सांगणार होते."

आईने मान वळवली.

"दर तारखेला येत होतात ना तुम्ही," ती म्हणाली. "मग कुणालाच कसं बोलला नाहीत, बाई? एका माणसालाही नाही?"

कारकुनाने चौकट धरली. बोलावं, आत्ता बोलावं, असं त्याला फार वाटलं. बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "कुणालाच नाही."

ग्लासातलं पाणी थोडं सांडलं. आईने ते पदराने टिपलं आणि दारात उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं.

"साहेब, त्याला घ्यायला कुठे जायचं?"

हे त्याला सांगता येत होतं. कुठलं फाटक, आत गेल्यावर कुठली खिडकी, कागद कोणते लागतील, सही कुणाची. त्याने सगळं ओळीने सांगितलं, तिला समजलं नाही ते पुन्हा सांगितलं. त्याचा आवाज एकदाही हलला नाही.

आई उठली.

"तुम्ही निदान सांगितलंत तरी," ती म्हणाली.