गॉडफ्रेच्या वड्या

वड्या चौकोनी कापायच्या की लांबट, यावर गॉडफ्रेने जेवढा विचार केला तेवढा घर बांधतानाही केला नव्हता. शेवटी लांबट कापल्या. बायको स्पर्धेत वजन उचलणार आणि नवरा तिला बर्फी देणार, हे त्याला काही पटेना.

त्याची बायको रेजिना शाळेत शिकवायची. पन्नाशीत गुडघे दुखतात म्हणून माणिकपूरच्या एका जिममध्ये गेली. गुडघे राहिले बाजूला, बाई थेट वजन उचलण्याच्या स्पर्धेत उतरली. गेल्या वर्षी मात्र शेवटच्या फेरीत तिच्या अंगात त्राण उरलं नाही आणि वजन गुडघ्यापर्यंत येऊन खाली गेलं. दुकानातल्या प्रोटीन बारने तिला आंबट ढेकर यायचे, म्हणून ती उपाशीच उभी राहिली होती. परतताना रिक्षात ती रडली. ते गॉडफ्रेच्या मनाला फार लागलं.

"आपल्या वाडीत राजेळी केळी पिकतात, ती वाळवून आपण गावभर सुकेळी खाऊ घालतो, आणि तू उपाशी?" असं म्हणून तो स्वयंपाकघरात शिरला. जिममधला तिचा ट्रेनर केल्विन, त्याने प्रोटीनची पावडर दिली आणि किती घालायची तेही सांगितलं. पहिल्या वड्या इतक्या कडक झाल्या की रेजिनाने कोयता मागितला. दुसऱ्या खेपेला त्याने प्रेमापोटी गूळ आणि तूप ओतलं.

"हा बाळंतिणीचा लाडू झाला, गॉडफ्रे. मला वजन उचलायचंय, वाढवायचं नाहीये."

तिसऱ्यांदा सुकेळी, भाजलेले शेंगदाणे, डाळं, पावडर आणि चिमूटभर मीठ. वडी वाकली, पण मोडली नाही. रेजिनाने सरावाच्या मध्ये खाऊन पाहिली. ढेकर नाही, काही नाही. गॉडफ्रे आठवडाभर छाती पुढे काढून चालत होता.

स्पर्धेच्या दिवशी त्याने वड्या सुकेळीसारख्याच केळीच्या वाळल्या पानात बांधल्या आणि हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसला. शेवटच्या फेरीआधी रेजिना वडी घ्यायला येणार होती. नीट आहेत ना, म्हणून त्याने पुडी सोडली आणि शेजारच्या बाईंनी पाहिलं. चार माणसांत पुडी सोडायची आणि पुढे करायची नाही, असं गॉडफ्रेच्या घराण्यात कोणी केलं नव्हतं.

"घ्या ना. मी केल्यात."

"अय्या, तुम्ही?"

त्या 'तुम्ही'ने घात केला. मग मागची रांग झाली. रेजिनाच्याच गटात उतरलेली अर्नाळ्याची हिना तिथून जात होती, तिलाही त्याने हाक मारून दिली. "मस्त झालीय हो, दादा," ती म्हणाली, तेव्हा तर त्याला आभाळ ठेंगणं झालं.

रेजिना आली आणि तिने हात पुढे केला. पुडीत नुसतं पान होतं.

"रेजी," गॉडफ्रेने पान उलटून दाखवलं, "सगळ्या वाटून टाकल्या गं."

तिने पानाकडे पाहिलं, मग तोंड हलवणाऱ्या दोन रांगांकडे. ट्रॅकसूटच्या खिशातून तिने वाळल्या पानाची एक छोटी पुडी काढली.

"संसार केलाय मी तुझ्याशी. सकाळीच काढून ठेवली होती." तिने उभ्याउभ्या ती संपवली, बोटं त्याच्या रुमालाला पुसली आणि गेली.

वजन गेल्या वर्षीचंच लावलं होतं. ते गुडघ्यापर्यंत आलं आणि थबकलं. गॉडफ्रेचा श्वासही थबकला. मग रेजिनाचा चेहरा लालबुंद झाला, खांदे मागे गेले आणि ती ताठ उभी राहिली. वजन नीट उचलल्याचे पंचांचे तिन्ही पांढरे दिवे लागले. गॉडफ्रे इतका मोठ्याने ओरडला की पंचांनी वळून पाहिलं.

हिनाने त्याहून थोडं जास्त उचललं. सुवर्ण तिला, रौप्य रेजिनाला.

परतताना रिक्षात या वर्षी गॉडफ्रे रडत होता. रिक्षावाल्याने आरशातून पाहून विचारलं, "काकांना काय झालं?"

"काही नाही," रेजिना त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "दोन पदकं मिळालीत आज त्याला."