कमानीतली नीवेस

ही गोष्ट १९४८ सालची. त्या वर्षी माझी नीवेस पाच वर्षांची होती आणि मी चोवीस. अरेकीपा शहरात चार वर्षं काढून आम्ही माझ्या गावी, तितिकाका सरोवराकाठच्या सान्ता बार्बराला परत आलो होतो. माझा नवरा फेर्मिन फोटोग्राफर, आमच्या गावचा नव्हे. शहरात एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली शिकून त्यानं स्वतःचा कॅमेरा घेतला होता, आणि गावात त्याच्याआधी कुणी फोटोवाला राहिलेला नव्हता.

फेर्मिनचं एक वेड होतं. माणूस नुसता उभा केला तर फोटोत सांडल्यासारखा दिसतो, असं तो म्हणायचा. त्याला दार हवं, खिडकी हवी, दोन झाडांच्या वाकलेल्या फांद्या हव्यात, खडकातलं भोक हवं. "नजरेला आत शिरायला वाट दे, कासिल्दा. मग ती बरोबर माणसापाशी जाऊन थांबते." रस्त्यानं चालतानाही तो दोन हातांच्या बोटांची चौकट करून जग बघायचा.

आमच्या गावाच्या वाटांवर दगडी कमानी आहेत. एका वस्तीची जमीन संपते तिथं एक, दुसरीची सुरू होते तिथं एक. वरच्या कमानीतून खाली निळं सरोवर दिसतं. फेर्मिनला ती दिसली आणि त्याची जेवणावरची वासना उडाली. नीवेसला तिच्यात उभी करून फोटो काढायचा, त्यानं ठरवून टाकलं.

मला ठाऊक होतं. हे मी आजही लपवत नाही. आमच्याकडे कमानीखाली फोटो फक्त गेलेल्या लेकरांचा काढतात. लहान मूल गेलं की पांढरे कपडे घालून, कागदी फुलांच्या कमानीखाली बसवायचं आणि शेजारच्या तालुक्यातून फोटोवाल्याला बोलवायचं. ती कमान म्हणजे स्वर्गाचं दार. जिवंत माणूस मोकळ्यावर उभा राहतो. हे आम्हाला कुणी शिकवत नाही, जसं विस्तवात हात घालू नये हेही शिकवत नाहीत. पण चार वर्षं शहरात राहून आले होते ना मी. नवरा हसेल म्हणून गप्प बसले.

नीवेस कधी एका जागी न ठरणारी पोर. त्या दिवशी मात्र कमानीत अशी उभी राहिली की पापणी हलली नाही. फेर्मिननं मोठा फोटो करून रविवारी, बाजाराच्या दिवशी, दुकानाच्या दारावर लावला. लोक येत होते, बघत होते, टोप्या काढत होते. फेर्मिनला वाटलं, कलेला मान देतायत.

सोमवारी सकाळी नीवेसची बाप्तिस्म्यातली धर्ममाता, मेल्चोरा, दारात उभी. दार नीवेसनंच उघडलं. मेल्चोरा तिच्या बाजूनं, तिला न बघता आत आली. हातात पांढरा झगा आणि कागदी गुलाबांची टोपली.

"रडू नकोस गं, कोमाद्रे," मला जवळ घेत ती म्हणाली; धर्ममाता लेकराच्या आईला असंच म्हणते. "आईच्या आसवांनी पंख भिजतात लेकराचे."

"अहो, काय बोलताय? ही काय तुमच्यासमोर उभी आहे!"

तिनं मी दाखवलं तिकडे पाहिलं. नीवेसच्या डोक्याच्या थोडं वर.

"असणारच," ती हळूच म्हणाली. "घर सोडायला वेळ लागतो त्यांना. तू हाक मारू नकोस बरं. अडकून पडतात."

फेर्मिन खो खो हसला. "म्हातारीला चष्मा आणून देऊ या!" पण त्या आठवड्यात गावातल्या एकाही माणसानं नीवेसला हाक मारली नाही. ती आली की मुलं खेळ थांबवून बाजूला व्हायची. पाववाल्या बाईच्या टोपलीतून तिनं पाव उचलला, तर त्या बाईनं छातीवर क्रूस काढला आणि नजर वळवली. पहिल्या दिवशी नीवेसला मजा वाटली. दुसऱ्या दिवशी ती पाववालीसमोर नाचून, जीभ काढून आली. तिसऱ्या दिवशी अंगणाबाहेर गेली नाही.

मग ती बोलेनाशी झाली. किनोआ धान्याच्या पेजेची वाटी समोर तशीच निवायची. कुठल्याही दारात जाऊन, हात सरळ सोडून, बाहेर तोंड करून उभी राहायची. तासन्‌तास. भर दुपारी, उन्हात, मी तिचा हात धरला तर तो रांजणासारखा गार.

"आई," त्या दिवसांत ती एकदाच बोलली, "मी गेले ते कुणी पाहिलं?"

फेर्मिननं तेव्हाच फोटो दारावरून उतरवला. ते आणखी वाईट झालं. उतरवला म्हणजे मातीची तयारी, असं गावानं धरलं. शुक्रवारी सुतार सिरिआको येऊन सांगून गेला, "खोका तयार आहे, फेर्मिन. हलका केलाय. उद्या दहाला चर्चची घंटा."

त्याचा हात चौकटीवर होता आणि नीवेस त्या चौकटीत उभी होती. तो निघून गेला तरी ती हलली नाही. फेर्मिननं हाक मारली. परत मारली. मग माझ्याकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

त्यानं कॅमेरा उचलला आणि म्हणाला, "जिथं चौकट नाही अशी जागा दाखव."

अशी जागा शोधायला गेल्यावर कळतं. माळावर गेलो तर दोन डोंगर दोन बाजूंनी उभे. काठावर गेलो तर लव्हाळ्याच्या भिंती. आभाळातल्या ढगांनीसुद्धा गोल धरल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी माझ्या भावाची लव्हाळ्याची होडी घेतली आणि काठ पुसट होईपर्यंत वल्हवत गेलो. पाणी आणि आभाळ, बस्स.

नीवेस टोकाला बसली होती. दगडी बाहुलीसारखी. फेर्मिननं कॅमेरा छातीशी कवटाळला. आयुष्यभर तो माणसांना एकच सांगत आला होता, हलू नका. आता तो ओरडत होता, "हल गं! नीवेस, हल ना!"

ती बघत होती. त्याच्याकडे नाही, त्याच्या मागे.

मी वाकून ओंजळीनं ते बर्फासारखं पाणी तिच्या तोंडावर फेकलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिनं किंकाळी फोडली, हात झाडले, मला मारायला धावली, होडी कलंडता कलंडता राहिली. फेर्मिननं तेवढ्यात खटका दाबला.

संध्याकाळच्या आत आम्ही कॅमेऱ्यातली काच धुऊन कागदावर फोटो छापला. अर्धा चेहरा कागदाबाहेर, हाताच्या जागी धुरकट पंखा, तोंड उघडं. नीवेसचा हात धरून मी तो ओलाच मेल्चोराकडे नेला. तिनं तो उजेडाकडे धरला.

"हलली की गं ही!"

"हलली."

"गेलेली कशी हलेल?" ती उठली, माझ्यामागे लपलेल्या नीवेसला पुढे ओढलं, पाठीत एक धपाटा घातला आणि हंबरडा फोडला. "कार्टे! कुठं होतीस इतके दिवस?"

नीवेस मोठ्यांदा रडली. मग तिनं बटाट्यांची आख्खी थाळी खाल्ली.

खोका मात्र तयार होता, आणि केलेला खोका रिकामा ठेवत नाहीत. शनिवारी दहाला घंटा झाली. कमानीतला तो फोटो आत ठेवून गावानं पुरला आणि वर पाच वर्षांच्या मुलीचा क्रूस उभा केला. नाव तेच.

मेल्चोरा त्यानंतर सहा वर्षांनी गेली. सिरिआको मुलाकडे पुनोला गेला, परत आला नाही. फेर्मिननं पुन्हा कधी कुणाला दारात उभं केलं नाही. त्याचे फोटो वाकडेतिकडे यायचे, गिऱ्हाइकं तक्रार करायची. तो १९७१ मध्ये फुप्फुसाच्या दुखण्यानं गेला. कमानीतल्या फोटोची काच त्यानं कुठं टाकली, मला सांगितलं नाही. नीवेस ताक्नात शाळामास्तरीण होती. आता निवृत्त आहे, पाच नातवंडं आहेत, फोनवर माझ्याशी भांडते. गावात ती येत नाही.

एक नोव्हेंबरला सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यावर जातात. फेर्मिनपाशी थोडा वेळ बसून मी त्या छोट्या क्रूसाकडे जाते, गवत काढते, गोड पाव ठेवते. नीवेसला ते आवडत नाही. ती म्हणते, आई, तिथं कागद आहे नुसता. असेल. पण त्या आठवड्यात माझ्या दारात जी उभी होती, जिचा हात मी धरला होता, ती तर होडीतून आमच्याबरोबर परत आली नाही. तिला मी कुठं शोधू?