मधल्या फळीवरचा मी

मी मधल्या फळीवरचा लॅपटॉप बोलतोय. वरच्या फळीवरचे बोलत नाहीत, ते नुसते चमकतात. खालच्या फळीवरचे बिचारे चालू व्हायलाच इतका वेळ घेतात, की ऐकणारा उठून जाईल. मी मधला. खिशाला फार चटका न देणारा आणि कामाला न लाजणारा. आणि आज मला इतकं सांगायचंय, की कुठून सुरुवात करू असं झालंय!

जन्मापासूनच करतो. एका लांबलचक, स्वच्छ दालनात माझी जुळवाजुळव झाली. पोटात सोळा जीबीची रॅम बसवली, वेगवान डिस्क बसवली, पाठीवर बारीक बारीक स्क्रू आवळले. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझं प्रत्येक बटण दाबून पाहिलं आणि मान हलवली. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. मग मला आणि माझ्या भावंडांना खोक्यांत घालून बंद केलं. अंधारात मी एकच विचार करत होतो: माझं घर कसं असेल?

खोकं उघडलं, तेव्हा मी आनंदाने झळकलोच! पण ते घर नव्हतं. ते दुकान होतं. एका सेल्समनने माझ्या कमरेला पोलादी तार अडकवली, समोर माहितीचं कार्ड ठेवलं आणि मला ‘डेमो पीस’ म्हणून उभं केलं. म्हणजे मला बघायचं, माझ्यावर बोटं फिरवायची आणि आतून बंद पेटीतलं माझं भावंड घरी न्यायचं. एकेक करत सगळी गेली. मी आपला हसतमुखाने सगळ्यांना निरोप देत राहिलो. आतून मात्र जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू?

त्या सेल्समनला मी मनातल्या मनात ‘पाठांतरराव’ म्हणायचो. त्याला प्रत्येक लॅपटॉपची कुंडली तोंडपाठ. मधे कोणी प्रश्न विचारला, तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. पण मनाने सरळ होता. सकाळी आला की पहिलं फडकं माझ्यावर फिरवायचा.

अकरा महिने उभा राहून मी माणसांचा चांगलाच अभ्यास केला. माणसासमोर नवा कीबोर्ड आला की तो सगळ्यात आधी काय लिहितो, सांगू? स्वतःचं नाव. दहातले आठ जण तेच करतात. एका गृहस्थांनी सवयीने स्वतःचा पासवर्ड लिहिला आणि इकडेतिकडे बघत असे घाईघाईने पुसला, की मलाच हसू आलं. एक नवं जोडपं आलं होतं. त्याने लिहिलं, ‘आवडला?’ तिने खाली लिहिलं, ‘महाग आहे.’ दोघं एक अक्षर न बोलता निघून गेली. आणि दर शनिवारी एक चष्मेवाला यायचा. हातात यादी. दर आठवड्याला यादी लांबायची आणि खरेदी पुढे जायची. त्याला लॅपटॉप नको होता हो, त्याला निवडायला आवडायचं.

आणि मग गेल्या गुरुवारी दुपारी ती आली.

चाळिशीची असेल. खांद्याला मोठी पिशवी, बोटांची नखं बारीक कापलेली. बरोबर तिचे बाबा. ताठ कण्याचे, खिशात दोन पेनं. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची हयात गेलेली, त्यामुळे दारावरची सूचनासुद्धा त्यांनी शेवटपर्यंत वाचली आणि मगच आत पाऊल टाकलं. त्यांचे कान मात्र गेले होते. कानातलं यंत्र लावूनही गोंगाटात त्यांना शब्द कळत नसत.

“बोला मॅडम, काय दाखवू? ऑफिससाठी, शिक्षणासाठी, गेमसाठी?” पाठांतररावाने सुरुवात केली.

“माझं काम जरा वेगळं आहे,” ती म्हणाली. “कॉलेजमध्ये एक मुलगी आहे, तिला ऐकू येत नाही. वर्गात जे बोललं जाईल, ते मी शेजारी बसून त्याच क्षणी टाईप करायचं आणि तिने वाचायचं. सोमवारपासून सुरुवात आहे. आधी पंधरा दिवस बघणार, जमलं तर वर्षभराचं काम. आणि माझा जुना लॅपटॉप काल गेला.”

“गेला म्हणजे?”

“म्हणजे गेला. आता बजेट मधलंच आहे, पण अक्षर उशिरा आलेलं चालणार नाही. मी अडखळले तर तिचा तास बुडेल.”

ऐकलंत? ‘मधलं’ म्हणाली! माझ्या पडद्याचा उजेड आपोआप वाढला असावा.

पण पाठांतरराव तिला आधी वरच्या फळीकडे घेऊन गेला. “हा बघा, एक किलोसुद्धा भरत नाही.” बाबांनी किमतीचं कार्ड वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “नाकापेक्षा मोती जड!” कान गेलेल्या माणसाचा आवाज मोठा असतो. दुकानभर ऐकू गेलं.

मग तो माझ्या शेजाऱ्याकडे वळला. हा शेजारी म्हणजे गेम खेळणाऱ्यांचा लाडका. बटणांखाली लाल-निळे दिवे, पंखा असा की जणू आता उडणार.

“बॅटरी किती चालते?” तिने विचारलं.

“अडीच तास. पण काय ताकद आहे मॅडम!”

“मला वर्गात सलग चार तास बसायचंय. आणि वर्गात हा पंखा सुरू झाला, तर शिकवणाऱ्या बाई बोलायच्या थांबतील.”

खालच्या फळीवरच्या धाकट्यावर तिने एक ओळ लिहिली. तिची बोटं थांबली, तरी अक्षरं मागून एकेक करत येतच होती. तिने रागावून झाकण आपटलं नाही. “तुझा दोष नाही रे,” म्हणत हळूच मिटलं. तिथेच मला ती आवडली.

मग ती माझ्यासमोर आली.

आधी कार्ड वाचलं. रॅम पुरेशी, बॅटरी पुरेशी, वजन उचलण्याजोगं, पडद्यावर दिव्यांची चमक नाही. मग माझ्या सेटिंगमध्ये जाऊन तिने मराठी कीबोर्ड सुरू केला. एक स्टूल ओढून बाबांना माझ्या पडद्यासमोर बसवलं आणि स्वतः बाजूला बसून हात बटणांवर ठेवले. “तुम्ही बोलत राहा,” ती सेल्समनला म्हणाली. “काहीही बोला, पण थांबू नका.”

“आणि तुम्ही बघणार कुठे?”

“मी पडद्याकडे बघतच नाही. अर्थाकडेही लक्ष देत नाही. अर्थामध्ये शिरलं की बोटं मागे राहतात. कानावर पडेल ते हातातून गेलं पाहिजे. वाचायला बाबा आहेत.”

तिने डोळे मिटले. पाठांतररावाने पाठ म्हणायला सुरुवात केली. आणि बोटं सुटली!

काय सांगू तुम्हाला! अकरा महिने लोकांची नावं आणि वेडीवाकडी अक्षरं झेललेला मी. माझ्या अंगात एवढा वेग आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. त्याच्या तोंडून शब्द निघतोय न निघतोय तोच पडद्यावर. एक अक्षर मागे पडलं नाही, एक बटण अडलं नाही. बाबा बोट हवेत फिरवत वाचत होते. “छान! अक्षर ठसठशीत आहे. उशीर नाही.” मी मनात ओरडत होतो, घ्या मला, घ्या, आता काय बघताय!

तेवढ्यात गल्ल्यावरच्या मालकांनी सेल्समनला बोलावलं. गल्ला तिच्या पाठीमागे चार पावलांवर. तो तिकडे गेला. ती मात्र लयीत होती. डोळे मिटलेले, बोटं चालूच. कानावर आवाज पडतोय ना, मग झालं.

बाबा वाचतच होते. हळूहळू त्यांच्या भुवया वर चढल्या. मग ते त्यांच्या त्या खणखणीत आवाजात, मुद्रित तपासताना वाचावं तसं, शब्दन् शब्द वाचू लागले:

“‘हाच हवाय ना त्यांना? मग आतली शेवटची पेटी दे.’ ‘मालक, ती परत आलेली आहे. बटणं अडकतात म्हणून गिऱ्हाइकाने चार दिवसांत आणून टाकली होती.’ ‘नवं सील लावलंय ना? मग झालं. तू काही बोलू नकोस.’ इथे पूर्णविराम राहिलाय.”

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

मालक धावत आले. “काका, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय!”

बाबांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. पण तिची बोटं थांबलीच नव्हती. बाबांनी पडदा वाचला. “गैरसमज कसला? पांढऱ्यावर काळं लिहिलंय.”

“अहो, तो आमचा घरगुती विषय आहे.”

“‘घरगुती विषय आहे.’ असं का!”

“आधी ते टायपिंग थांबवा!” मालक ओरडले. तेही आलं. तेही बाबांनी वाचलं. केबल घ्यायला आलेल्या दोघी-तिघी खो खो हसायला लागल्या. मालकांचं पितळ असं उघडं पडलं होतं, की झाकायला जागा उरली नाही. आणि ते उघडं पाडणारा कोण? मी! जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून काहीतरी कामाचं निघालं होतं.

हसण्याने ती भानावर आली. डोळे उघडून तिने पडदा वाचला. स्वतःच लिहिलेलं पहिल्यांदाच वाचत होती. चेहरा पांढरा पडला. सोमवारी भर वर्गात अडकणारं बटण तिला डोळ्यांसमोर दिसलं असणार. ती उठली, पिशवी उचलली. “चला बाबा,” म्हणत तिने दाराकडे खूण केली. तिची बोटं माझ्यावरून निघून गेली आणि मी हबकलोच. मी खरं सांगितलं आणि त्यापायी तीच चालली?

बाबा मात्र स्टुलावरून हलले नाहीत.

“कुठे चला? लबाडी त्यांनी केली. याने तर आपल्याला वाचवलं. मला हाच हवाय, हा समोरचा.”

“डेमो पीस आम्ही विकत नाही,” मालक पुटपुटले. तिने वाकून माझ्यावर टाईप केलं, ‘विकायचा नाही म्हणतात.’

बाबांनी वाचलं आणि हाताची घडी घातली. “बरं. मग मी इथेच बसतो. येईल त्या गिऱ्हाइकाला हे वाचून दाखवतो. निवृत्त माणूस आहे, वेळच वेळ आहे मला.”

मालकांनी दाराकडे पाहिलं. आणखी दोघं आत येत होते. त्यांनी मान खाली घातली.

पण ती नुसती हरखून गेली नाही हं! हुशार बाई. “अकरा महिने हा सतत चार्जिंगला लावलेला आहे,” ती म्हणाली. “बॅटरी दमली असणार. नवी बसवून द्या. वॉरंटी आजच्या तारखेपासून लेखी द्या. आणि भाव डेमो पीसचा.” सगळं मान्य झालं. मग तिने एक गोष्ट केली, ती मी विसरणार नाही. ते सगळं लिखाण तिने पुसून टाकलं. “त्या सेल्समनची नोकरी आहे,” ती बाबांच्या कानाशी म्हणाली. त्यांना ऐकू आलं नसावं, पण त्यांनी मान डोलावली.

कमरेची तार पाठांतररावानेच सोडवली. शेवटचं फडकं फिरवलं आणि हळूच म्हणाला, “जा बाबा, नाव काढ.”

घरी तीन दिवस तालीम चालली. तिचा नवरा बेकरीत काम करतो. कामावरून आला की पीठ लागलेल्या हातांनी वर्तमानपत्र धरून भरभर वाचायचा, ती टाईप करायची आणि बाबा पेनाने टेबलावर चुका टिपायचे. शनिवारी सोळा चुका, रविवारी पाच. मला घर मिळालं होतं! तेही कसं, तर रोज कोणीतरी मला टक लावून वाचतंय असं.

तुम्हीही कधी लॅपटॉप घ्यायला जाल. माझं एक ऐका. आमच्यासमोर नुसतं नाव लिहून निघून जाऊ नका. घरी जे काम करणार आहात, ते दहा मिनिटं तिथेच करून बघा. दिव्यांना भुलू नका, आकड्यांना घाबरू नका. मधल्या फळीवर कोणीतरी तुमची वाट बघत असतो.

आणि आज सोमवार. दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग, खिडकीजवळचं बाक. माझ्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला ती मुलगी. एकोणीस वर्षांची, गंभीर, जरा संशयाने बघणारी. आल्या आल्या तिने वहीत लिहून पुढे सरकवलं, ‘सगळं लिहाल ना? फक्त महत्त्वाचं नको.’ माझ्या बाईने माझ्यावर उत्तर लिहिलं, ‘सगळं.’

शिकवणाऱ्या बाई आल्या. हाडांवरचा धडा सुरू झाला. मी धावत होतो, मुलीची नजर माझ्याबरोबर धावत होती. वीस मिनिटांनी दार करकरलं आणि मागून चार मुलं चोरपावलांनी आत शिरली. बाई थांबल्या आणि म्हणाल्या, “या, या. मणका संपला, बरगड्या संपल्या. तुमच्यासाठी एक माकडहाड राखून ठेवलंय.”

सगळा वर्ग हसला. माझ्या बाईची बोटं नेहमीच्या सवयीने कंसात ‘हशा’ लिहायला निघाली आणि वाटेतच थांबली. कारण शेजारची मुलगी हसत होती. मागाहून वाचून नाही, कोणी खुणेने समजावल्यावर नाही. सगळ्यांबरोबर, त्याच क्षणी, तोंडावर हात धरून, खांदे हलवत. तिने चमकून वर्गाकडे पाहिलं, सगळे अजून हसतच होते, आणि ती आणखी मोठ्याने हसली.

माझ्या बाईने डोळे पुसले. एका हातानेच, कारण दुसरा माझ्यावर होता. बरं, येतो मी. शिकवणाऱ्या बाई पुन्हा बोलायला लागल्यात.