थोरलीचे गुडघे

थोरलीला चालवायला दोन माणसे लागत, आणि नेमकी तीच दोन माणसे एकमेकींशी बोलत नसत. डाव्या मांडीतल्या खोलीत सासू आणि उजव्या मांडीतल्या खोलीत सून. वस्तीत सासूला सगळे डावी म्हणत आणि सुनेला उजवी. थोरली म्हणजे आठ मजली लोखंडी बाई, लढाईसाठी बनवलेली. पुढे ते जळीत झाले, शहरेच्या शहरे राख झाली आणि लढाई संपली, कारण लढायला कुणी उरलेच नाही. तिच्यासारखी बाकीची यंत्रे जिथल्या तिथे गंजून पडली. थोरली तेवढी टिकली ती डावीने जीव लावला म्हणून. निदान डावीचे म्हणणे तसे होते, आणि तिच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

आता थोरलीला रोज एकच काम होते. धरणाच्या तळाशी लोखंडी दार होते आणि ते उचलणाऱ्या मोटारी जळितात वितळल्या होत्या. सकाळी थोरलीने दाराखाली वाकायचे, खांदा लावायचा आणि गुडघे सरळ करत उभे राहायचे. दार वर गेले की कालव्याला पाणी सुटे आणि खालच्या वस्तीतली चार हजार माणसे दिवसाचे पाणी भरून घेत. तासाच्या वर थांबता येत नसे. गुडघ्यांतले तेल उकळायला लागे आणि मांडीतल्या खोल्यांची भट्टी होई.

एवढ्या तासात सासू-सुना बोलत त्या फक्त दोन्ही खोल्यांना जोडणाऱ्या नळीतून, आणि तेही पावलापुरते. "डावा," असे डावी ओरडे. "उजवा," असे उत्तर येई, पण ठरलेल्या वेळेच्या जरा आधीच. सात वर्षे सून अर्धा क्षण आधी पाऊल टाकत होती, आणि हे आपल्याला डिवचायलाच चालले आहे याबद्दल डावीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

पूर्वी छातीतल्या खोलीत डावीचा मुलगा बसायचा आणि थोरलीचे हात चालवायचा. दोन वर्षांपूर्वी हातांचे सुटे भाग आणतो म्हणून तो माथ्यावर गेला. माथा म्हणजे धरणाच्या वरच्या अंगाला, भिंतीआड वसलेले गाव. तिथे हवा गाळून मिळे आणि तिथली माणसे खोकत नसत. सहा महिन्यांत येतो म्हणाला होता. सुटे भाग आले नाहीत, तोही आला नाही. थोरलीचे हात तेव्हापासून तसेच लोंबकळत होते.

आणि एका सकाळी, पाणी सोडून दोघी नुकत्याच घरी आल्या असताना, तो दारात उभा राहिला. घर म्हणजे धरणावरची पहारेकऱ्याची जुनी खोली. पायांत कोरे बूट, हातात कागद, मागे चष्मा लावलेला एक अधिकारी आणि आठ बंदूकवाले.

"आई," तो म्हणाला.

धावत जाऊन त्याला कवटाळावे असे डावीला वाटले आणि त्याच क्षणी एक मुस्काटात ठेवून द्यावीशीही वाटली. दोन्हींतले काहीच न करता ती म्हणाली, "बूट बाहेर काढ. आत्ताच पुसलंय."

त्याने बूट काढले. अधिकाऱ्याने काढले नाहीत, तेव्हा तो बाहेरच राहिला. मुलाने कागद वाचला. उद्या सकाळचे पाणी शेवटचे. त्यानंतर यंत्र माथ्यावर आणून जमा करायचे. त्याचे पत्रे कापून भिंतीला लावणार.

"यंत्र?" डावीने विचारले.

"थोरली."

"मग थोरली म्हण ना. तिच्या पोटात पाळणा बांधला होता तुझा."

त्याने कागदावरून नजर वर केली नाही. "वर पाणी कमी पडतंय, आई. उद्याचं तरी सोडू द्या म्हणून मी हातापाया पडलो, तेव्हा कुठं ऐकलं."

"आणि खालची माणसं?"

"वर कामाला घेणार आहेत."

"सगळ्यांना?"

"धडधाकट असतील त्यांना."

तो भराभर बोलू लागला, लहानपणी काही फोडले की बोलायचा तसा. "तुमची सोय केलीय मी. दोन खोल्या आहेत, खिडकी आहे. तुझ्या गुडघ्यांवर औषध आहे तिथं, आई. चांगलं औषध. रात्रभर कण्हत पडावं लागणार नाही."

मागच्या खोलीतून उजवी आली. लग्नापासून पाच वर्षे ती नवऱ्याला अहो-जाहो करायची, इतके की पंक्चर झालेल्या टायरलाही ती अहो म्हणेल, असे वस्तीतले लोक चेष्टेने म्हणत. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"कधी आलास?" ती म्हणाली.

त्या एकेरीने तो असा दचकला की हातातला कागद खाली पडला. डावीला हसू आले. सुनेच्या बोलण्यावर आपल्याला हसू यावे याचे तिला वाईटही वाटले.

"बोलावशील म्हणून दोन वर्षं वाट बघितली," उजवी म्हणाली. "आता बोलावतोयस, पण कुणाच्या जिवावर ते कळलं. जा. तुझा साहेब उन्हात उभा आहे."

तो गेला. अधिकाऱ्याने धरणाच्या टोकाला तंबू ठोकला. दोघी दुपारभर एकमेकींकडे पाठ करून बसल्या. डावीच्या डोळ्यांसमोरून खिडकी हलत नव्हती. गुडघ्यांचे औषध तर नाहीच नाही. एकसष्ट वर्षांची बाई, एकतीस वर्षे लोखंडी पायाला पाय बांधून बसलेली. तिला मोह झाला तर तिचे काय चुकले? पण धडधाकट हा शब्दही तिच्या कानातून जात नव्हता. खालच्या वस्तीत धडधाकट होते किती? हजारभर. उरलेल्या तीन हजारांनी काय राख प्यायची?

"आई," उजवी म्हणाली. पावलाशिवाय हाक आली म्हणून डावी चमकली. "उद्या दार उचलल्यावर खिळी घालू या."

डावीला आधी कळलेच नाही. मग कळले आणि ती उठून उभी राहिली. प्रत्येक गुडघ्याला एक खीळ होती, माणसाच्या हाताएवढी जाड. दुरुस्तीला थोरली रिकामी उभी करायची असली की ती गुडघ्यात आरपार घालायची, म्हणजे पाय दुमडत नसे. दाराचा भार खांद्यावर असताना मात्र खीळ घालायची नाही, हा पहिला नियम. घातली तर ती वाकते आणि मग जन्मात निघत नाही. थोरली तिथेच उभी राहणार. चालणे संपले.

"डोकं फिरलंय तुझं!" डावी ओरडली. "मारून टाकायचं तिला?"

"वर नेऊन कापणारच आहेत. पत्रे होण्यापेक्षा खांब झालेली काय वाईट?"

"तोंड सांभाळ. सात वर्षांत तुला तिचं पाऊल धड पकडता आलं नाही—"

"तुमचा पाय दुखतो म्हणून!" उजवीही ओरडली. "तुम्ही पाय टेकला की कळ येते, मला नळीतून ऐकू येतं. मी अर्धा क्षण आधी टाकते, म्हणजे भार माझ्याकडे येतो. सात वर्षं ओढतेय तो भार. कधी बोलले?"

आपल्याला डिवचते आहे म्हणून जिला सात वर्षे मनातल्या मनात शिव्या दिल्या, ती आपले ओझे उचलत होती. लाज वाटली, फार वाटली. पण लाज वाटली की जास्तच खेकसायचे हा तिचा स्वभाव.

"आधी सांगायला काय जीभ झडली होती?" ती म्हणाली. मग गुडघा चोळत पुढे म्हणाली, "खीळ दोघींना एकदम घालावी लागेल. एक आधी गेली तर कंबर पिळवटेल तिची."

"मी मोजते."

"मी मोजणार," डावी म्हणाली. "थोरली माझी आहे."

सकाळी अधिकारी धरणावर खुर्ची टाकून बसला. मुलगा त्याच्या शेजारी उभा होता. थोरली पाऊल टाकत कालव्यात उतरली, दाराखाली वाकली आणि खांदा लावून उठू लागली. डावीच्या गुडघ्यात सुरी फिरल्यासारखे झाले. पलीकडून भार ओढला गेला तेही तिला आज कळले. दार किरकिरत वर सरकले आणि पाणी थोरलीच्या पोटऱ्यांना धडका देत कालव्यात घुसले.

खीळ घालायला प्रत्येक गुडघ्यात तीन भोके होती, पहिल्यात पाय अर्धाच सरळ राही. "पहिल्या भोकात," उजवी नळीतून म्हणाली. "दार अर्धंच राहू दे."

"मला शिकवू नकोस," डावी म्हणाली, पण पहिल्याच भोकाला खीळ लावली. मग खोलीच्या पत्र्यावर तिने हात ठेवला. एकतीस वर्षांत तिने थोरलीची कधी माफी मागितली नव्हती. आज मागितली, मोठ्याने, सुनेला ऐकू गेली तरी. "तीन," ती ओरडली. "दोन. एक."

दोघींनी एकदम घणाचा घाव घातला. खिळी आत गेल्या. मग तेलाचा दाब सोडला तेव्हा सगळा भार खिळींवर आला आणि थोरलीच्या आतून असा आवाज निघाला की धरणावरचा अधिकारी खुर्चीतून उठला. खिळी वाकल्या. दार हलले नाही.

तास भरला तरी पाणी थांबले नाही, तेव्हा वर धावपळ सुरू झाली. अधिकारी ओरडत होता, बंदूकवाले धरणावरून कधी इकडे तर कधी तिकडे पळत होते. पण गोळी घालायची कुणाला? सहा बोटे जाड पत्र्याला? खालून पाण्यातून गुडघ्यांपर्यंत पोचणे शक्य नव्हते. वाट एकच, खांद्यावरच्या झाकणातून आत. आणि आतली वाट ठाऊक असलेला त्यांच्यात एकच माणूस होता.

तो लोखंड कापायची ज्योत आणि गॅसची टाकी पाठीवर घेऊन शिडीने उतरला. डावी पट्टे बांधून बसलेलीच होती. खीळ बघून तो तिथेच थबकला.

"आई, हे काय करून बसलात?"

"बघतोयस की."

"कापायला सांगितलंय मला."

"काप. पण आधी सांगते. ही निघाली की हा पाय भाराखाली दुमडणार आणि ही खोली गुडघ्यात चेपणार. कापणाराही आतच राहणार. तुझ्या साहेबानं हे सांगितलं का तुला?"

सांगितले नव्हते.

"तू वर जा," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "ऊठ, आई. पाया पडतो तुझ्या."

"नाही उठणार."

नळी खरखरली. "ऐक रे," पलीकडून उजवी म्हणाली, "नुसता डावा कापून दार पडणार नाही. दोन्ही कापावे लागतील. तेव्हा आधी आईचा का आधी माझा, ते ठरव. लग्न झाल्यापासून हेच ठरवायचं टाळत आलायस. आज ठरवूनच टाक."

डावीला हसू फुटले. या सुनेशी आपण सात वर्षे का बोलत नव्हतो, असे तिला वाटून गेले. मुलाने आईकडे बघितले, नळीकडे बघितले, आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. बराच वेळ तो रडला. डावीने त्याला रडू दिले. पट्टे सोडून त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असे तिला फार वाटले, पण पट्टे तिने सोडले नाहीत. अजून खात्री नव्हती.

मग तो उठला आणि शिडी चढून गेला. अधिकारी आणि बंदूकवाले झाकणापाशी येऊन थांबले होते आणि झाकण उघडेच होते, त्यामुळे वरचे सगळे बोलणे आत ऐकू येत होते.

"झालं का?" अधिकाऱ्याने विचारले.

"कापता येतं, साहेब. अवघड काही नाही. मांडीत बसायचं आणि ज्योत धरायची. फक्त कापणारा परत येत नाही. ही ज्योत घ्या."

"मला काय देतोस? तुला हुकूम आहे."

"मी जाऊन आलो. आत माझी आई आहे आणि बायको आहे. तुमचं तिथं कुणी नाही, तेव्हा तुम्हाला सोपं जाईल."

अधिकाऱ्याने बंदूकवाल्यांकडे बघितले. आठही जण आपापल्या बुटांकडे बघत होते. ज्योत बराच वेळ तशीच पुढे धरलेली राहिली. कुणी हात पुढे केला नाही.

मग डावीने पट्टे सोडले. दोघी झाकणातून बाहेर आल्या, आधी सून, मग तिच्या हाताच्या आधाराने सासू. अधिकाऱ्याचा चष्मा घामाने घसरला होता.

"धरणामागचं तळं महिनाभरात कोरडं पडेल," तो म्हणाला. "वरची माणसं तहानेनं मरतील. याचा काही विचार केलात?"

"केला," उजवी म्हणाली. "दार अर्धंच उघडं आहे. नदीतून जेवढं येतं त्याच्या निम्मं खाली जातंय, निम्मं तुम्हाला राहतंय. मोजून बघा. रोज मोजत होते मी."

"हे असलं सगळं वरून ठरतं, बाई."

"ठरायचं," डावी म्हणाली. "आता खालून ठरलं."

त्याच्या उत्तरासाठी थांबायला डावीला वेळ नव्हता. मुलगा ज्योत हातात घेऊन तसाच उभा होता. त्याचे काय करायचे ते उजवीने बघून घ्यावे, असे तिने ठरवून टाकले.

खाली तास संपला म्हणून माणसे सवयीने काठावर येऊन थांबली होती आणि पाणी ओसरायची वाट बघत होती. पाणी ओसरत नव्हते. एक म्हातारी भरलेली कळशी काठावर ठेवून तशीच पुन्हा आत उतरली, मग तिच्यामागून दहा जण उतरले, मग सगळेच. एकतीस वर्षे डावीने हे पाणी सोडले होते, पण ते वाहायचे तेव्हा ती नेहमी मांडीतल्या खोलीत बांधलेली असायची. वाहत्या कालव्यात तिने आजवर पाय ठेवला नव्हता.

"चल," ती सुनेला म्हणाली, "हळू चल, माझा पाय दुखतोय," आणि दोघी पायऱ्या उतरून पाण्याकडे निघाल्या.