छान म्हणायला बंदी

चष्मेवाल्याने दिवाणखान्यातल्या खुर्च्या चौथ्यांदा हलवल्या, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, माणसं येणारेत की सर्कस?"

तिला काय सांगणार! ब्लॉग हा शब्द नवाकोरा होता तेव्हापासून टोपणनावाने लिहिणारे हे चौघे, हा 'चष्मेवाला' आणि त्याचे कधीच न भेटलेले तीन मित्र. दर शनिवारी एकाने कुठलातरी उत्तम लेख शोधून पाठवायचा आणि बाकीच्यांनी तो सोलून काढायचा. अट एकच. 'छान' म्हणायचं नाही. छान म्हणजे न वाचता काढलेला पळ. हे सगळं तो रोज नाश्त्याला बायकोला वाचून दाखवायचा, आणि ती म्हणायची, "हे कसले मित्र? मित्र तोंडावर खरं बोलतो. यांची तर तोंडंच पाहिली नाहीत तुम्ही." ते त्याला फार लागायचं, कारण या तिघांशिवाय त्याला दुसरं होतं तरी कोण? शेवटी इरेला पेटून त्याने सगळ्यांना घरी बोलावलं. म्हणाला, "आता तूच बघ."

आली मंडळी. जिच्या लिखाणाने भलेभले रक्तबंबाळ होत ती 'टाचणी' निघाली दातांची डॉक्टर, आणि बोलणं असं मऊ की दात काढला तरी कळू नये. 'भोंगा' ब्लॉगवर गर्जायचा, इथे खुर्चीच्या टोकावर बसून पंख्याकडे बघत राहिला. आणि सगळं वाचून फस्त करणारी 'वाळवी' म्हणजे बँकेतले एक लाजरे गृहस्थ.

"घर छान आहे," टाचणी म्हणाली.

"पडदे छान," वाळवी.

"हो, छानच," भोंगा पुटपुटला.

मग सगळे गप्प! दुखवट्याला तरी लोक याहून जास्त बोलतात हो. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, आणि तिचं ते बघणं चष्मेवाल्याला पुरतं ओळखीचं होतं. हसं झालं, संपलं सगळं, असं त्याला वाटलं.

तिने केक आणला. तिघांनी एकेक घास घेतला आणि एका सुरात म्हणाले, "छान!"

बायकोने सुरी खाली ठेवली. "थांबा. तुमच्यात छान म्हणायला बंदी आहे ना? म्हणजे माझ्या केकपासूनही पळ काढताय?"

मग टाचणी सावरून बसली. "सांगू खरं?"

"सांगा की!"

"सुरुवात झकास. वरचा थर कसा ऐटीत उभा आहे! पण आत शिरल्यावर करणारीचा धीर सुटलाय."

"शेवट करपलाय," वाळवी हळूच म्हणाले, "पण त्या करपण्यात प्रामाणिकपणा आहे."

"काय बोलता!" भोंगा ताडकन उठला, आणि अहाहा, काय तो आवाज! "अक्रोड बघा, अक्रोड! घासाघासाला अक्रोड! खाणाऱ्यावर काडीचा विश्वास नाही! टाचणी, लिफ्टमधल्या संगीतावरचा तुमचा तो लेख अस्साच होता!"

"त्या लेखाचं नाव काढू नकोस!" टाचणी कडाडली.

झालं! केक राहिला बाजूला, तिघे एकमेकांवर तुटून पडले. वाळवींनी बशी आपटली, टाचणीने चमचा रोखला. चष्मेवाल्याला वाटलं, आता उडी मारावी, नाचावं, शेजाऱ्यांना बोलावून दाखवावं. बायको पदराने डोळे पुसत हसत होती. "अहो, खरेच मित्र आहेत की हे तुमचे!"

"आणि तू रे?" टाचणी त्याच्याकडे वळली. "तुझं मत?"

चष्मेवाल्याने डोळे मिटले.

"मध्ये कच्चा राहतो," तो म्हणाला. "दर वेळी. लग्नापासून."

"आणि इतकी वर्षं छान छान करत खाल्लात?"

"तू माझे लेख छान म्हणायचीस ना, म्हणून."

"ते तरी कुठे छान होते!"

भोंगा इतका हसला की खुर्चीवरून घसरला. टाचणी टाळ्या पिटत होती. चष्मेवाला आधी चाट पडला, मग त्यालाही हसू आवरेना.

"सरका जरा," बायको बशी घेऊन म्हणाली. "यांच्या त्या आरशांवरच्या लेखापासून सुरू करते."

चष्मेवाल्याने पाचव्यांदा खुर्ची हलवली, आणि ती तिच्यासाठी पुढे ओढली.